नळी थंडच

४ नोव्हेंबर

आणि स्क्रू सुटला तो थेट डॅशबोर्डच्या पोटात. मी उलटी पडले होते: पाठ सीटवर, डोकं पेडलांशी, टॉर्च दातांत. दादा बाहेरून म्हणाला, "सापडला का?" दातांत टॉर्च धरून उत्तर देता येत नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी "हं" म्हणाले आणि टॉर्चही गेली.

"इंजिनीअर," तो म्हणाला, "गाडीच्या पोटात अजून काय काय घालणार आहेस?"

स्क्रू सापडला नाही. टॉर्च मिळाली. दांडीची पट्टी निम्मी सैल करून ठेवली आहे.

काम छोटं आहे, म्हणजे असं वाटतंय. डॅशबोर्डच्या मधोमध हीटरची दांडी आहे, एका टोकाला निळा ठिपका, दुसऱ्या टोकाला लाल. दांडीला जोडलेली तार आतून इंजिनपर्यंत जाते. तिथे एक व्हॉल्व्ह. दांडी लाल टोकाला नेली की व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनचं गरम पाणी हीटरमधून फिरतं, पंखा ती ऊब आत सोडतो. मागच्या हिवाळ्यापासून दांडी अडते. दादा म्हणतो, अडते म्हणजे हलतच नाही. मी हलवली तेव्हा हलली, पण जड, आणि मध्यावर थांबली.

"पाय गार पडतात माझे," तो म्हणाला. "बर्फात उभं राहिल्यासारखे."

गाडी वडिलांची. त्यांच्यानंतर दादाची. त्याच्याशिवाय कोणी ती चालवलेली नाही. तेवीस तारखेला तो आणि वहिनी निघणार, घाटापलीकडे त्यांच्या लेकीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे. तिचे दिवस भरत आले आहेत, नवरा जहाजावर, घरात दुसरं कोणी नाही. घाटात या दिवसांत धुकं असतं. हीटर नसेल तर समोरची काच आतून पांढरी होते आणि एका हाताने पुसत दुसऱ्या हाताने वळणं घ्यावी लागतात. बर्फ पडलं की रस्ताच बंद. म्हणून ही दांडी.

त्यांच्या मागे दुकान मी बघायचं. दादाचं शिंप्याचं दुकान खाली, घर मधल्या मजल्यावर, मी वर. कारखाना बंद झाल्यावर मी इथे आले. वरच्या खोलीत राहून मी काय करते, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मला तो रोज पडतो.


६ नोव्हेंबर

पट्टी निघाली. आत जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. दांडीचा खिळा त्यातच रुतला होता. रॉकेलने धुतला. तार बाहेर ओढली तर एका ठिकाणी दबून वाकलेली, क्लॅम्प फार आवळल्यामुळे. पॉलिशपेपरने गंज काढला, तेल दिलं, क्लॅम्प थोडा मागे घेतला. आता दांडी एका बोटाने जाते. बसून नुसती इकडून तिकडे हलवत राहिले. निळा, लाल, निळा. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दादाला हाक मारली. तो जिना उतरून, अंगण ओलांडून आला, एकाच पायात चप्पल. दुसरी जिन्यात राहिली होती.

"दुसरी कुठे?" मी विचारलं.

त्याने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तिने सोडलं मला."

मी हसले. अंगणातली फरशी गारठलेली असते, मला तर बुटांतूनही लागते. याला पत्ता नाही. लहानपणापासून असाच वेंधळा.

दांडीवर त्याने हात ठेवला. ढकलली. जास्तच ढकलली, टोकाला खाड्कन आपटली.

"अजून जड आहे," तो म्हणाला.

"जड? बोटाने जाते दादा."

"तुझ्या बोटाने जात असेल."


७ नोव्हेंबर

पंखा फिरत नाही, नुसता कण्हतो. मोटर काढून वायरमनकडे दिली. त्याने ती कानाशी धरून हलवली.

"बाई, ही माझ्या वयाची आहे."

"होईल का?"

"माझं वाइंडिंग कोणी करून देत नाही, हिचं मी करून देईन. पण घाई करायची नाही."

तेवीसच्या आत दे म्हणून सांगितलं. तोवर पंख्याशिवाय. पंखा नाही म्हणजे गाडीत बसून हीटर लागला की नाही ते कळणार नाही. नळीला हात लावून बघावं लागेल.


९ नोव्हेंबर

पहिली चाचणी.

इंजिन तापू दिलं. पाण्याच्या तापमानाची सुई मध्यावर आली. मी आत: एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक डोळा सुईवर, दांडी लाल टोकाला. दादा बाहेर, बॉनेटखाली वाकलेला, हीटरकडे जाणाऱ्या नळीवर हात ठेवून. नळी तापली म्हणजे पाणी फिरलं.

दादाला मुद्दाम उभं केलं. त्याच्या हातासारखा हात मी पाहिलेला नाही. डोळे मिटून तो दोन लोकरींतला फरक सांगतो, कापड कोणत्या गिरणीचं तेही. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर तळवा ठेवला की टेप न लावता माप सांगायचा. माझे हात कारखान्यातले, घट्टे पडलेले.

"काय?" मी ओरडले.

"थंड."

"नीट धर."

"धरलीय की. थंड आहे."

थोडा वेळ थांबलो. रेस वाढवली.

"आता?"

"थंडच."

इंजिन बंद केलं. म्हणजे दांडी आणि तार ठीक, व्हॉल्व्ह उघडत नाही. जेवताना दादाचा तळहात लालसर दिसला. दुकानात तांबड्या लोकरीचा गठ्ठा आलाय, रंग उतरला असेल.


११ नोव्हेंबर

पाणी काढून व्हॉल्व्ह सोडवला. आत पांढरा क्षार, जाड नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, ब्रशने घासला. वहिनीने विचारलं, माझ्या काचेच्या वाडग्यात हे काय लोणचं घातलंय. मी म्हटलं, मुरलं की देते चाखायला.

ती जेवणाच्या टेबलावर बसून सुयांत दोरा ओवत होती. पंधरावीस सुया, प्रत्येकीत दोरा, एका गादीवर ओळीने टोचलेल्या.

"हे कशासाठी?"

"दुकानात लागतात त्यांना. आयत्या असल्या की वेळ वाचतो."

शिंप्याला सुईत दोरा ओवून द्यायचा! वहिनी त्याचे फार लाड करते. सकाळी शर्टाची बटणं लावून देते, ब्रेडचे तुकडे करून ताटलीत ठेवते, चहाचा कप अर्धाच भरते. काल नवे बूट आणले, नाड्या नसलेले. साठी ओलांडल्यावर माणसाला इतकं लाडावू नये. मी बोलले नाही. मी पाहुणी आहे.


१२ नोव्हेंबर

व्हॉल्व्ह बसवण्याआधी तोंडाने फुंकून पाहिला. उघडा असताना हवा सरळ जाते, बंद केला की पूर्ण अडते. यापेक्षा चांगला व्हॉल्व्ह नवा असतानाही नसेल.

बसवला. पाणी भरलं. इंजिन तापवलं.

"काय?"

"थंड."

 सीटवर बसून राहिले. बॉनेटखालून दादाची पाठ दिसत होती, स्वेटर, त्यावर कोट. परवापासून तो घरातही कोट घालतो.

"दादा, नक्की?"

"अगं माझे हात गारठलेत इथे. गरम असती तर सोडली असती का मी?"

हे खरं.


१४ नोव्हेंबर

दुकानात बसले होते, सवय व्हावी म्हणून. एक गिऱ्हाईक पांढरा शर्ट परत घेऊन आलं. कॉलरच्या आत दोन तांबूस ठिपके. रक्ताचे. कारागिराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, मी नाही, कॉलरी मालक स्वतः करतात. दादा पुढे झाला, शर्ट घेतला, आत गेला. नंतर पाहिलं तर त्याच्या डाव्या अंगठ्यावर बारीक टोचलेल्या खुणा होत्या, बऱ्याच. चाळीस वर्षं सुई धरणाऱ्याला कळू नये?

"लक्ष कुठे असतं तुझं?" मी म्हणाले.

"तुझ्या हीटरमध्ये," तो म्हणाला.

मला लागलं. हीटर नीट होईना म्हणून त्याचं कामात चित्त नाही, असा त्याचा अर्थ. उद्या हीटर पूर्ण धुवून काढते.


१५ नोव्हेंबर

अंगणातल्या नळाचा पाइप हीटरच्या एका तोंडाला लावला. दुसऱ्या तोंडातून आधी काळ्या चहासारखं पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ. धार जोरात. आत कुठेही अडलेलं नाही.

तिसरी चाचणी. थंडच.

या वेळी मी स्वतः हात लावून बघणार होते. पण मी आतून बाहेर येईपर्यंत त्याने बॉनेट आपटून बंद केलं होतं.

"काय बघतेस? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर नाही तर कोणावर," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

पाणी पंपातून कमी येत असेल. थर्मोस्टॅट असेल. सुईच खोटं सांगत असेल. तिचा सेन्सर मात्र मी काढून उकळत्या पाण्यात तपासला. बरोबर आहे.


१६ नोव्हेंबर

थर्मोस्टॅट बदलला. थंड.


१७ नोव्हेंबर

दादाने गाडी बाहेर काढताना फाटकाच्या खांबाला घासली. दाराखालची पट्टी वाकली. उतरून म्हणाला, ब्रेक ऐकत नाही. मी चाकं काढून ब्रेक पाहिले. उत्तम आहेत. पेडल घट्ट, कुठे गळती नाही. त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग क्लच असेल. क्लचही पाहिला. क्लचला काही झालेलं नाही.

एका पाठोपाठ एक गोष्टी बिघडत आहेत आणि मी उघडून बघते तर त्या बिघडलेल्या नसतात. मला स्वतःची भीती वाटायला लागली आहे. इतकी वर्षं जे काम केलं ते मला येत होतं, की तिथे दुसरं कोणीतरी सांभाळून घेत होतं?

संध्याकाळी वहिनी वर आली. दाराशीच उभी राहिली.

"वन्सं, एक विचारू? घाटात तुम्ही चालवाल का?"

"मी? दादा देईल का हातात?"

"मागून बघा."

"पण का?"

तिने दाराची कडी पुसली, पदराने, घाण नव्हती तरी. "असंच. तुम्ही बरोबर असलात तर बरं."

म्हणजे तिलाही माझ्या दुरुस्तीचा भरवसा नाही. वाटेत बंद पडली तर दुरुस्त करणारी बाई सोबत असावी. मी म्हटलं, गाडी ठीक होईल, काळजी करू नकोस. ती "बरं" म्हणाली आणि खाली गेली. अंधारात तिने जिन्याचा दिवा लावला नाही. हळू उतरत होती.


१८ नोव्हेंबर

भांडण झालं.

पाचवी चाचणी, थंड. मी रागाने पाना फरशीवर टाकला. दादा म्हणाला, "तुझ्याच्याने होत नसेल तर सांग. मी गाडी दुसऱ्याकडे नेतो."

"ने. नाहीतरी तुला माझं काहीच पसंत पडत नाही. दांडी जड, ब्रेक सैल, नळी थंड. मी तुझ्या घरात राहते म्हणून—"

"घर कुठे आणलंस मध्ये?"

"तू आणलंस."

"मी नळीचं बोलतोय!"

"मीही नळीचंच बोलतेय!"

वहिनी वरच्या खिडकीतून म्हणाली, "नळीला वकील देऊ का एक?" मी पाना उचलला. हसू मात्र कोणाला आलं नाही.

नंतर भाचीचा फोन आला. पाय सुजलेत, झोप येत नाही, एकटीने खिडकीत बसून असते. "आत्या, बाबांचा हीटर झाला का?" मी म्हटलं, होतोय. "बाबा एवढ्यात फोनवर जास्त बोलत नाहीत. फोन ठेवतात की त्यांच्या हातून पडतो, काही कळत नाही." मी म्हटलं, तुझ्या बाबांचं तुला माहीत आहे. ती म्हणाली, "तू पण ये ना." मी म्हटलं, दुकान कोण बघणार.

दादाला ऐकू जाईल इतपत जोरात म्हणाले. तो शेजारच्या खोलीत होता. 


२० नोव्हेंबर

घाटाच्या वरच्या टोकाला पहाटे थोडं बर्फ पडल्याचं रेडिओवर सांगितलं. रस्ता सुरू आहे.

दादा तीनदा आकाश बघून आला. "तेवीसला निघायचंच. हीटर असो नसो. मी काच पुसत जाईन."

वहिनी म्हणाली, "पुसायला हात किती आहेत तुम्हाला?"

तो हसला नाही. हात कोटाच्या खिशात घातले.


२२ नोव्हेंबर

वायरमन दुपारी स्वतः मोटर घेऊन आला. "घ्या. आता ही मला पुरून उरेल." बसवायला थोडाच वेळ लागला. पट्टी लावली, स्क्रू आवळले. पडलेल्या स्क्रूच्या जागी नवा घातला. वायरमन गेला.

ऊन उतरत होतं. दादाला म्हटलं, शेवटचं बघू. तो बॉनेटखाली उभा राहिला. भांडण झाल्यापासून आम्ही कामापुरतंच बोलतोय.

इंजिन तापलं. दांडी लाल टोकाला. पंख्याचं बटण दाबलं.

आधी धूळ आली. मग जळक्या लोकरीसारखा वास. मग गरम वारा, तोंडावर, गळ्यावर, पायांवर. इतका गरम की मी तोंड फिरवलं. समोरच्या काचेवरची वाफ खालून वर सरकत गेली, अर्धवर्तुळं मोठी होत गेली, आणि काचेतून बॉनेटखाली वाकलेल्या दादाचा खांदा दिसायला लागला.

मी ओरडणार होते, झालं म्हणून. त्याआधी तो म्हणाला, "थंडच आहे गं."

तोंडावर गरम वारा आणि कानात ते शब्द.  कारखान्यात पहिल्या दिवशी आम्हाला एकच शिकवलं होतं: आकडा पटला नाही तर आधी मापक तपासा, मग यंत्र. मी अठरा दिवस यंत्र तपासत होते.

इंजिन बंद करायचंही सुचलं नाही. उतरून पुढे गेले. त्याने रबराची नळी सोडून तिच्या तोंडाशी असलेला पितळी पाइप धरला होता, मुठीत, पूर्ण, मला नीट सांगता यावं म्हणून. माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ तूच. नळी नाही, आता पाइपच धरलाय."

मी त्याचं मनगट ओढलं. माझं बोट पाइपला लागलं, टेकलं न टेकलं, आणि मी किंचाळले. त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळहाताकडे. कातडी पांढरी पडून वर आली होती.

नळाखाली हात धरला. पाणी वाहत राहिलं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अगं नाही म्हटलं ना. उगाच घाबरतेस." मग, बऱ्याच वेळाने, "पाणी गार आहे की कोमट?"

गार होतं. बोटं बधिर करणारं. मी सांगितलं.

"मला वाटलंच," तो म्हणाला.

फरशीच्या कडेवर बसलो. हात ओल्या फडक्यात. मी विचारलं, कधीपासून. त्याने सांगितलं: बोटांच्या टोकांना आधी मुंग्या, मग कापूस बांधल्यासारखं, मग कापूसही नाही. उन्हाळ्यापासून. त्याआधीही असेल. कापड अजून ओळखतो, पण डोळ्यांनी, आणि वासाने. सुई बोटात गेलेली रक्त दिसल्यावर कळते.

"डॉक्टर?"

"तिकडून आल्यावर."

"पाय?"

तो हातावरचं फडकं नीट करू लागला.

"दादा, पाय?"

"गार असतात म्हणून तर तुला हीटर सांगितला." मग म्हणाला, "ब्रेक कुठे आहे ते मला माहीत आहे. इतक्या वर्षांनी पाय आपोआप जातो."

"गेला की नाही ते कळतं?"

त्याने फाटकाच्या खांबाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"ही एक खेप," तो म्हणाला. "लेकीच्या दारात मी गाडी घेऊन जाणार. सामानासारखा नाही जाणार, शेजारी बसून. त्यानंतर तू म्हणशील ते. आणि तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर ती इथेच खचेल, तिकडे पोरीचं कोण करणार? तू बोलायचं नाहीस."

"तुम्ही दोघं घाटात... आणि तिला माहीतही नसणार?"

"म्हणून तर तुला सांगतोय, बोलू नकोस."

मी शब्द दिला. त्याचा ओला हात माझ्या हातात होता आणि तो घट्ट धरून होता. किती घट्ट ते त्याला कळत नसणार. माझी हाडं दुखत होती आणि मी हो म्हणाले.

वहिनीला सांगितलं, पाइपला चुकून हात लागला. तिने मलम लावलं, पट्टी बांधली, हळूहळू, प्रत्येक वेढ्याला थांबून. काही विचारलं नाही. बरं झालं, नाहीतर मला खोटं बोलणं जमलं नसतं. बिचारीला कल्पनाही नाही. स्वयंपाकघरात भांडी आवरताना ती गुणगुणत होती.

आता लिहिते आहे तर विचार करते. तार पुन्हा सोडून ठेवता येईल. हीटर बिघडला म्हणता येईल. पण त्याने तर सांगितलंय, काच पुसत जाईन. बॅटरीची वायर काढता येईल. तो दुसरी आणेल, किंवा कोणाला तरी गाडी मागेल, आणि अनोळखी गाडीत बसेल. किल्ली लपवता येईल. मग तो लहान मुलासारखा कपाटं उघडत फिरेल आणि वहिनी विचारेल, काय शोधताय. मी त्याला शब्द दिला नसता तर सरळ तिला सांगितलं असतं. शब्द न देण्याइतकी हिंमत नव्हती आणि तो मोडण्याइतकीही नाही. पोर खिडकीत बसून असेल.

हीटर मात्र आता उत्तम चालतो. पहिल्या चाचणीपासूनच चालत होता.


२३ नोव्हेंबर

सकाळी मी खाली आले तेव्हा वहिनी गाडीत बसलेली होती. मागे, सीटच्या मधोमध, दोन्ही बाजूंना पिशव्या रचून, जागा न ठेवता. दादा ड्रायव्हरच्या दाराशी, पट्टी बांधलेल्या हातात किल्ली.

"पुढे ये की," तो तिला म्हणाला.

"मला मागेच बरं वाटतं. वन्सं, बसा. उशीर होतोय."

मी म्हटलं, "वहिनी, मी नाही येत. दुकान आहे."

"दुकानाची किल्ली कारागिराला काल दिली. तुमचे कपडे या पिशवीत घेतलेत. स्वेटर दोन घेतले, तो निळाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, काचेतून, रस्त्याकडे. "चला ना," ती म्हणाली, "पोर वाट बघतेय." आवाज रोजचाच.

त्याने हातावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग गाडीच्या टपावरून किल्ली माझ्या बाजूला सरकवली, पुढून वळसा घालून आला, आणि मी धरलेल्या दारातून शेजारच्या सीटवर बसला. मी दार लावून पलीकडे गेले. आठ वाजता निघालो. घाट उघडा होता.